तांबडीला घाटावर नेलं तेव्हा

आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज म्हणजे विळ्याला धार लावल्याचा. न्हाणीपाशी एक काळा दगड होता, मध्ये झिजून खोलगट झालेला. आई त्यावर पाणी शिंपडायची आणि उकिडवी बसून विळा घासायची. खर्र खर्र, मग अंगठ्याने धार बघायची, पुन्हा खर्र खर्र. त्या आवाजाने मला कधी जाग आली नाही, तो थांबला की यायची. कारण तो थांबला म्हणजे आता चूल पेटणार. गवती चहाची पात कुसकरून घातलेला बिनदुधाचा चहा, आदल्या रात्रीची तांदळाची भाकरी निखाऱ्यावर कडक केलेली, आणि वर तव्यावर परतलेलं सुकट. बाबा तोवर सायकल उलटी करून चेनला तेल घालत असायचे. त्यांना रसायनीला एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचं असे. घर म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली माझी पुस्तकांची फळी. मी त्या वर्षी दहावीला होते आणि बौद्धवाड्यातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी होते, त्यामुळे ती फळी घरात जरा मानाची होती. आई झाडलोट करताना तिला हात लावायची नाही. मीच पुसायची.

आई गवत विकायची. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापून, सुकवून, उडव्या रचून ठेवायची, आणि उन्हाळ्याकडे कालव्याच्या कडेचं हिरवं कापून रोज दोन भारे द्यायची. ते भारे जायचे आमच्या गावापासून मैलभरावरच्या घोड्यांच्या फार्मवर. मुंबईच्या एका श्रीमंत माणसाचा तो फार्म. चौदा घोडे, पांढऱ्या रंगाचे लाकडी कठडे आणि दारावर एक मॅनेजर. आईला आत येण्याची मुभा होती ती गवताच्या शेडपर्यंत. पण शेडच्या मागेच कठडा होता आणि कठड्याला मान टेकून एक घोडी रोज तिची वाट बघायची. फार्मवर तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. आई तिला तिच्या रंगावरून तांबडी म्हणायची. भारा खाली टाकला की आई त्यातली चार कोवळी पाती निवडून तिला द्यायची, तिच्या कपाळावर दोन बोटं फिरवायची आणि निघायची. एवढीच ओळख. पण ती ओळख चार वर्षांची होती.

त्या हिवाळ्यात मालकाने जागा विकायची ठरवली. सगळे घोडे घाट चढून मावळात त्याच्या दुसऱ्या फार्मवर जायचे होते. दोन दिवस ट्रक आले आणि तेरा घोडे गेले. तांबडी गेली नाही. ट्रकला लावलेल्या फळीवर तिने दोन पाय टाकले आणि फळी घसरली. घोडी फळी आणि ट्रकच्या मधल्या फटीत पडली, मागचा पाय सोलवटला, आणि उठली ती थेट कठडा मोडून पळाली. त्यानंतर ट्रकचा नुसता आवाज आला तरी तिच्या अंगाला घाम सुटायचा. चालवत न्यायची म्हटलं तर घाटात ट्रकांची रांग. सुई टोचून गुंगीत न्यायची म्हटलं तर ती गाभण होती. घोड्यांच्या डॉक्टरांनी मॅनेजरला बजावून सांगितलं, "गुंगी द्यायची नाही, जबरदस्ती करायची नाही. झटापट झाली तर पोटातलं शिंगरू जाईल. आणि न्यायची तर फेब्रुवारी संपायच्या आत न्या. पुढे पोट जड झालं की प्रवास नको."

हे सगळं आईने आम्हाला रात्री जेवताना सांगितलं. वालाचं बिरडं होतं, मला आठवतं, कारण बाबांचा हात बिरड्यातच थांबला, जेव्हा ती शेवटी म्हणाली, "मी सायबाला सांगून आले. म्हनलं मी चढवते तिला."

"तू?" बाबा म्हणाले. "अगं, तू घोड्याला कधी दावं तरी लावलंस का?"

"दाव्यानं कुटं चढतीय ती," आई म्हणाली आणि बाबांना आणखी भात वाढला.

मॅनेजरने तिला हो म्हटलं ते तिच्यावर विश्वास ठेवून नव्हे. फार्मवर घोडे सांभाळणारा सईस म्हणून कोणी उरलंच नव्हतं, सगळे घोड्यांबरोबर वर गेले होते. घोडीला चारा-पाणी करायला कोणीतरी हवंच होतं. त्याने बाळाराम टेंपोवाल्याला बोलावून घेतलं. बाळाराम हा वीटभट्टीच्या विटा वाहायचा, जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस. दुपारनंतर त्याचा टेंपो रिकामा असायचा. पहिल्या दिवशी त्याने टेंपो फार्मच्या दारात उभा केला आणि विचारलं, "चल, कुटं हाय तुजी घोडी? घालू आत, मोकळे होऊ."

आईने त्याला टेंपो दारातून काढायला लावला. फार्मच्या मागे भाताची खाचरं होती, कापणी होऊन कोरडी पडलेली. वरच्या आणि खालच्या खाचराच्या मध्ये कमरेएवढा बांध. आईने टेंपो खालच्या खाचरात उतरवून मागे मागे घ्यायला लावला, पार बांधाला चिकटेपर्यंत. मग फाळका, म्हणजे टेंपोची मागची झडप, खाली पाडला, तर तो बांधावर सपाट टेकला. आता टेंपोत चढायचंच नव्हतं. वरच्या खाचरातून सरळ चालत यायचं की आत. बाळाराम बांधावर उभा राहून एकदा टेंपोकडे आणि एकदा आईकडे बघत राहिला. "हे नाय सुचलं मला," तो म्हणाला. मोठ्या आवाजाच्या माणसाचा हा एक गुण मला तेव्हापासून आवडतो, की काही कबूल करायचं तर तेही ते मोठ्यानेच करतात.

त्यानंतर आठ दिवस आईने काहीही केलं नाही. म्हणजे बाळारामच्या मते काही केलं नाही. ती टेंपोच्या हौद्यात गुडघाभर पेंढा पसरायची, त्यात तांबडीच्याच तबेल्यातली लिदीची पाटी ओतायची, म्हणजे खालचा पत्रा वाजू नये आणि वास ओळखीचा यावा. फाळक्याच्या साखळ्या खुळखुळायच्या. रविवारी बाबा आले, थोडा वेळ हात मागे बांधून बघत राहिले, आणि सायकलची जुनी ट्यूब आणून त्यांनी त्या साखळ्या कडी कडी करून गुंडाळल्या. मग तांबडीला वरच्या खाचरात मोकळी सोडायची आणि हिरव्या गवताचे ढीग ठेवायचे. पहिला ढीग टेंपोपासून लांब, दुसऱ्या दिवशी दोन पावलं जवळ, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. घोडी मान वर करून थांबली की आई तो ढीग उचलून पुन्हा मागे न्यायची.

माझं काम हौद्यात बसायचं. शाळेतून आले की मी कोपऱ्यात पेंढ्यावर बसून अभ्यास करायची, आणि आईने सांगितलं होतं, "मोठ्यानं वाच. तिला कळू दे की आत मानूस हाय आन् त्याला काय होत नाय." म्हणून मी दहावीचा भूगोल एका घोडीला वाचून दाखवला. मृदेचे प्रकार, नद्यांची खोरी, मोसमी वारे, सगळं. मला सुरुवातीला लाज वाटायची. रस्त्याने जाणारी वर्गातली एखादी मुलगी बघेल असं वाटायचं. पण एक दिवस मी पान उलटायला थांबले, तर बांधाच्या पलीकडून तांबडी कान टवकारून माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा वाचायला लागले तेव्हा ती पुन्हा चरायला लागली. नंतर तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, पण इतकं लक्ष देऊन फार थोड्यांनी ऐकलं माझं.

नवव्या दिवशी तांबडीने फाळक्यावर पुढचा एक पाय ठेवला. बाळाराम श्वास रोखून उभा होता. मी वाचायची थांबले नाही, पण काय वाचत होते ते सांगता येणार नाही. घोडी मान लांब करून आत वास घेत होती, दुसरा पाय उचलणार एवढ्यात आई म्हणाली, "बास. चला माघारी," आणि तिच्या छातीला हलकेच हात लावून तिला मागे घेतलं.

"अगं बाय, आता तर चढत होती ती!" बाळाराम ओरडलाच.

"चढत होती म्हनून तर," आई म्हणाली. "भ्याल्यावर मागं गेली असती तर भ्या ध्येनात ऱ्हायलं असतं. आता भ्याली नाय तवरच मागं आली. उद्या आपनहून येतीय का नाय बघ."

दुसऱ्या दिवशी घोडी आपणहून आली. दोन पाय ठेवले, आणि आईने पुन्हा मागे घेतलं. असं रोज. दोन पाय, तीन पाय, चार पाय आणि लगेच बाहेर. जानेवारीच्या शेवटाला तांबडी हौद्यात येऊन, माझ्या डोक्यावरून मान काढून, निवांत गवत खात उभी राहायची आणि तिच्या तोंडातली कुसळं माझ्या वहीवर पडायची.

आणि मग तो दिवस आला, ज्याच्याबद्दल लिहायचं मी टाळत होते. आई खालापूरला एका मयतीला गेली होती. मी एकटीच तांबडीला घेऊन खाचरात आले होते, बाळाराम टेंपो लावून चहाला गेला होता, तेवढ्यात मॅनेजर आला. त्याच्याबरोबर चार माणसं, एक जाड दोर. मालकाचा निरोप आला होता म्हणे, लवकर आटपा. घोडी हौद्यात चढून उभीच होती, तर तो म्हणाला, "एवढी आत जातेय तर बंद करा फाळका आणि न्या." माणसं धावत आली. त्या पायांच्या आवाजानेच ती मागे सरली. एकाने तिच्या मागून दोर आवळला, दुसऱ्याने काठी उगारली. मी "थांबा" म्हटलं. म्हटलं खरं, पण इतक्या हळू की ते फक्त मलाच ऐकू आलं. घोडी दोन पायांवर उभी राहिली, वरच्या लोखंडी पट्टीवर तिचं डोकं आपटलं, खाली येताना गुडघा फाळक्याच्या कडेला लागला, आणि ती दोरासकट एका माणसाला ओढत माळावर गेली. मला ती संध्याकाळपर्यंत सापडत नव्हती. सापडली तेव्हा कालव्याजवळ उभी होती, गुडघ्यातून रक्त गळत होतं आणि मला बघूनसुद्धा थरथरत होती.

आई आली तेव्हा मी तबेल्यात रडत बसले होते. हळद तेलात कालवून तिने तांबडीच्या गुडघ्याला लावली, पोटावरून हात फिरवत बराच वेळ कान लावून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "हलतंय आतलं. चल." मला वाटलं घरी चल. ती मॅनेजरच्या बंगलीकडे चालू लागली. चार वर्षांत तिने गवताच्या शेडच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी ती पायऱ्या चढून व्हरांड्यात गेली. मॅनेजर चहा पीत होता.

"सायेब," ती म्हणाली, "आजपासून माझ्याबिगर कोन तिच्या अंगाला हात लावनार नाय. दोर नाय, काठी नाय. तुमी पन खाचरात यायचं नाय."

"तू मला सांगणार?"

"मी तांबडीचं सांगते. तिला तोंड नाय म्हनून." आईचा आवाज चढला नव्हता. "नायतर मी आत्ता घरी जाते. तुमी चढवा तिला, आन् तिच्या पोटात काय झालं तर मालकाला तुमी सांगा."

मॅनेजरने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "महिनाअखेर. त्याच्यापुढे एक दिवस नाही." आई हो म्हणाली आणि वळली. पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. आज माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीहून जास्त आहे. माणसांशी भांडायचे प्रसंग मलाही पुष्कळ आले. पण व्हरांड्यातल्या त्या उभ्या राहण्याची सर माझ्या एकाही भांडणाला आली नाही.

सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ढीग पुन्हा लांब, पुन्हा दोन दोन पावलं. पण या वेळी घोडी लवकर जवळ आली. आई म्हणायची, तिला फाळक्याचं भ्या नाय, मानसांचं हाय, आन् मानसं आता ऱ्हायली नायत. गुडघ्यावर खपली धरली तोवर ती पुन्हा हौद्यात उभी राहून माझा भूगोल ऐकत होती. मग आईने फाळका अर्धा उचलून खाली ठेवला. मग पूर्ण लावला आणि लगेच उघडला. मग लावून आई घोडीचा एक घास संपेपर्यंत थांबली. मग बाळारामने नुसतं इंजिन चालू केलं आणि बंद केलं. मग दहा पावलं टेंपो पुढे. मग फार्मभोवती एक फेरी. बाळारामसुद्धा बदलला होता. एरवी विटांचा टेंपो खड्ड्यांतून उडवत नेणारा माणूस, आता गिअर असा टाकायचा की कळूही नये. एका संध्याकाळी आम्ही तिला चौकच्या नाक्यापर्यंत नेऊन आणली. लोक हॉटेलातून बाहेर येऊन बघत होते. बाळाराम खिडकीतून मान काढून सगळ्यांना दटावत होता, "हॉर्न नाय वाजवायचा, गाभण हाय!"

निघालो तो दिवस गार होता. आईने नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, डोक्याला फडकं बांधलं आणि तांबडीला बांधावरून आत नेलं. घोडी अशी गेली जशी आपल्या तबेल्यात जाते. फाळका लागला. आई हौद्यातच तिच्या मानेपाशी उभी राहिली. मी आणि बाबा बाळारामच्या शेजारी पुढे. बाबांनी त्या दिवशी खाडा केला होता. नोकरी लागल्यापासून पहिला, आजारपण सोडून. खोपोली ओलांडली आणि घाट सुरू झाला. माझ्या पाठीशी जाळीची छोटी खिडकी होती, तिच्यातून मला तांबडीचा एक कान आणि आईचं फडकं दिसायचं. मधल्या एका वळणावर मागून एक भलामोठा ट्रक आला आणि त्याने अगदी कानाशी हॉर्न वाजवला. टेंपो हादरला. घोडीच्या खुरांचा आवाज आला, एकदा, दोनदा. बाळारामने वेग कमी केला. बाबांनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. आणि मग जाळीतून आईचा आवाज आला, संथ, एका सुरात.

"काळी मृदा. ही मृदा कापसाला चांगली. ती पानी धरून ठेवती. जांभी मृदा. ही कोकनात सापडती..."

आई शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. दोन महिने ती बांधावर उभी राहून ऐकत होती आणि तिचा सगळा धडा पाठ झाला होता. खुरांचा आवाज थांबला. बाबा पुढच्या काचेतून सरळ बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी येत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. लोणावळा येईपर्यंत आईने मृदा, पिकं आणि अर्धी नदीखोरी संपवली. परीक्षेत मृदेवर प्रश्न आला तेव्हा मी ते उत्तर आईच्या आवाजात लिहिलं.

वरच्या फार्मवर विटांचा धक्का बांधलेला होता, टेंपो त्याला मागून लागला. तिथे सहा माणसं तयार उभी होती. दोर, काठ्या, एकाच्या हातात घोंगडी, डोळ्यांवर टाकायला. त्यांच्यापुढे एक पांढऱ्या दाढीचे म्हातारे सईस, त्यांना सगळे रहमानचाचा म्हणत. आधीचे तेरा घोडे त्यांनीच उतरवून घेतले होते आणि ही घोडी कशी आहे ते खालून आलेल्या सईसांनी त्यांना सांगितलं होतं. बाळाराम खाली उतरून आधी त्यांच्यासमोर आडवा उभा राहिला. "मागं व्हा," तो म्हणाला. "सगळे मागं व्हा. आत बाय हाय, तिला करू द्या." बाबांनी साखळी काढली, फाळका हळू खाली ठेवला. आई आतून म्हणाली, "चल तांबडे," आणि घोडी एक एक पाय मागे टाकत बाहेर आली, वळली, धक्क्यावर उभी राहिली आणि आईच्या ओच्यात तोंड घालून गवत शोधायला लागली. अंगावर घामाचा एक टिपूस नव्हता.

चाचांनी जवळ येऊन तिच्या पोटाला हात लावला, गुडघ्यावरची जुनी खपली बघितली, चारही पाय उचलून बघितले. मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "रस्सी रख दो अंदर." आणि आईला विचारलं, "बाई, काय केलं तुम्ही? पन्नास साल मी हेच काम करतो. सच सांगा, काय खिलवलं?"

आईने थोडा विचार केला. तिला खरंच सांगायचं होतं, पण सांगण्यासारखं फारसं काही नाही असं तिला वाटत असावं.

"काय नाय," ती म्हणाली. "तिला परत फिरू दिलं. जवा जवा तिला वाटलं, तवा परत फिरू दिलं. मग ती पुढं आली."

चाचांनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं, मटणाचा रस्सा आणि जाड रोट्या वाढल्या, आणि आई जेवत असताना समोर बसून राहिले. शेवटी म्हणाले, त्यांच्याकडे एक काळा घोडा आहे, लाखाचा, शर्यतीला न्यायचा तर दर वेळी दहा माणसं लागतात. "आज थांबता का बाई? किंवा मी गाडी पाठवतो, याल का?"

आईने माझ्याकडे बघितलं. "पोरीची परीक्षा हाय," ती म्हणाली. "ती झाली का येते."

मला वाटलं होतं ती नुसतं म्हणते आहे. बाबांनाही तसंच वाटलं. पण दहिवलीच्या शाळेत माझा शेवटचा पेपर झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी आईने दोन लुगडी एका पिशवीत भरली, बाबांना डाळ कुठे आणि तांदूळ कुठे ते दाखवलं, आणि पोचवायला मला घेऊन चौकच्या थांब्यावर आली. एस.टी. आली. आत चढून ती खिडकीपाशी बसली, पिशवी मांडीवर. कर्जतच्या बाजारात कोथिंबीर विकणारी एक ओळखीची बाई आधीच शेजारी बसलेली होती. तिने आईला विचारलं, "काय गं सोना, एकटीच कुटं? कोन आजारी हाय का?"

मी खिडकीखाली उभी होते. आईने पदर नीट केला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाय गं. घोड्याच्या कामाला चालले. बोलावनं आलंय मला."